चिनी मातीची तुळसा

शिवडीची बस वेळेवर आली असती, तर तुळसाने लालबागच्या त्या फोटो स्टुडिओत कधी पाऊल ठेवलं नसतं. पण बस आली नाही, आणि स्टॉपसमोरच्या काचेत लावलेले फोटो तिच्या आईच्या, शेवंताबाईंच्या नजरेस पडले. शेवंताबाई लालबागच्या बाजारात मासे विकत. एकदा एखादी गोष्ट मनात भरली की ती पाटीत पडल्याशिवाय त्या हलत नसत. त्यांनी लेकीचं मनगट धरलं आणि तडक आत शिरल्या.

"पोरा, माजे पोरीचा फोटो काढ. स्थळाला दाखवायचाय. आन् त्या काचेतल्या पोरींसारखी गुलगुलीत करून दे."

काउंटरमागच्या पोराचं नाव शरच्चंद्र. एवढी लांब हाक मारायला लालबागेत कोणाला सवड? म्हणून शरू. त्याचे वडील गंगाधरपंत गिरणीत टाइमकीपर होते. संप झाला, गिरणी त्यांच्यासाठी पुन्हा उघडलीच नाही, आणि हौसेने घेतलेला कॅमेरा पोटापाण्याला लागला. त्याला आता तेवीस वर्षं झाली होती. शरूने दुकानात कॉम्प्युटर आणला आणि एका मासिकाबरोबर फुकट आलेल्या सीडीवरून चेहरे चिनी मातीचे करायची विद्या उचलली. फोटोवर त्याच फोटोचा दुसरा लेअर चढवायचा, तो धूसर करायचा, रंग उतरवून उजेड वाढवायचा, आणि डोळे-ओठ तेवढे धारदार ठेवायचे. माणूस असा गुळगुळीत दिसायचा की लोणचं भरून वर झाकण लावावं. परळ-नायगावच्या आया त्याला 'बरणी फोटो' म्हणत आणि लग्नाच्या पोरींना घेऊन रांग लावत.

तुळसा स्टुलावर बसली. परळच्या एका इस्पितळात ती तपासणीसाठी लोकांचं रक्त काढायची, त्यामुळे तिला कोणाची भीडबीड नव्हती.

"जरा हसा," शरू म्हणाला.

"मीपण असंच सांगते लोकांना... सुई टोचायच्या आधी."

"माझ्याकडे सुई नाही."

"ते नंतर कळतं."

आणि ती हसली. गालावरचे कांजिण्यांचे तीन खड्डे, उजव्या भुवईतली जुनी खोक, शेजारच्यावर चढून बसलेला एक दात, सगळं एकदम हसलं. शरूने बटण दाबलं खरं, पण पावतीवर नाव लिहायचं राहिलं. शेवंताबाईंनीच त्याला आठवण करून दिली.

संध्याकाळी पडद्यावर ते खड्डे बुजवताना त्याचा हात अडखळला. आजवर शेकडो गाल त्याने सपाट केले होते, कधी काही वाटलं नव्हतं. आज मात्र आपण कोणाचं तरी काहीतरी उचलतोय असं वाटत राहिलं. तरी त्याने बुजवले, काम म्हणजे काम. मग नेहमीसारखा मूळ फोटोच्या जागी नवा सेव्ह केला. गंगाधरपंतांचा नियमच होता तसा. गिरणीत एका माणसाला एकच हजेरीकार्ड असायचं, तर इथे एका चेहऱ्याला दोन फोटो कशाला?

पंधरा दिवसांनी, शनिवारी, तुळसा एकटीच आली.

"मुलाकडचे आले होते," ती म्हणाली. "मी पोह्यांचा ट्रे घेऊन त्यांच्यासमोर उभी. आणि मुलाची आत्या म्हणते, आता मुलीला बोलवा."

शरूचा चेहरा उतरला. "चूक माझी. मी... जरा कमी करतो."

"कमी? अजून कर. मान राहिलीय बघ. आणि नाकाचं पण काहीतरी..."

"नाकाला काय झालंय?"

"तू सांग. मघापासून तूच बघतोयस."

शरूने घाईघाईने मान संगणकात घातली. हिला लग्नाची इतकी घाई आहे हे कळल्यापासून त्याला चहा गोड लागेना. तरी त्याने मान केली, नाक केलं. दुसऱ्या स्थळाने विचारलं, हा फोटो थोरल्या बहिणीचा का? तिसरं स्थळ जिन्यातूनच परत गेलं. त्यांना वाटलं पत्ता चुकला. दर वेळी तुळसा शनिवारी हजर, तक्रार तोंडावर आणि फर्माईश तयार. "अजून गुळगुळीत कर रे. जरा मन लाव कामात."

मन लावूनच तर सगळा घोळ झाला होता.

हळूहळू ती लेअर चढवायला शिकली. एके शनिवारी तिने शरूचाच फोटो घेतला आणि त्याची बरणी करून टाकली. गंगाधरपंत जेवून आले, चष्मा पुसून पडद्याकडे बघत राहिले. "हा कोणाचा मुलगा गं? खात्यापित्या घरचा दिसतो. आमच्या शरूला सांग जरा असं राहायला." तुळसा हसून हसून काउंटरला टेकली. शरूलाही हसू आलं, पण ती हसताना दिसणारा तो चढलेला दात बघून ते अर्ध्यावरच राहिलं. कधीतरी एखादं स्थळ हो म्हणणार, आणि मग शनिवार संपणार. आणि ते आपल्याच हाताने होणार. या विचाराने त्याला पार रडकुंडीला आणलं होतं.

चार महिन्यांनी ती मधल्याच वारी आली, धापा टाकत.

"शरू, घोटाळा झाला. एक जहाजावरचा मुलगा हो म्हणाला."

"तुला... बघून?"

"बघून कुठला? सहा महिने समुद्रावर आहे. फोटोवरच भाळलाय. म्हणतो बघायची गरज नाही, रविवारी बोलणी उरका."

"अभिनंदन," शरू म्हणाला.

"अभिनंदन काय, बावळट! मी इतके दिवस स्वतःला घासून घेतेय ते कशासाठी? समोर बघून माणसं पळावीत म्हणून. आणि हा एक निघाला, समोर बघायलाच तयार नाही."

शरूला हे डोक्यात शिरायला जरा वेळ लागला. "पण... पळवायचं कशाला?"

"मग दर शनिवारी इथे यायला काय कारण सांगितलं असतं मी आईला?"

बाहेरून एक टेम्पो भोंगा वाजवत गेला, तेवढीच काय ती सवड मिळाली. शरू तिच्याकडे बघतच राहिला.

"नंतर बघ असा," ती हळूच म्हणाली. "आधी माझा पहिला फोटो दे, खराखुरा. मुलाने आणखी एक फोटो मागितलाय. त्याचा भाऊ बाजारात थांबलाय, तो ईमेल करणार आहे. आई आत्ता सीडी न्यायला येईल. खरा चेहरा बघून तरी मुलगा नाही म्हणेल."

शरू कसनुसा झाला. पहिला फोटो नव्हताच. एका चेहऱ्याला एकच. आणि नवा काढायला कॅमेराही नव्हता. तो घेऊन गंगाधरपंत दादरच्या एका शाळेच्या स्नेहसंमेलनाला गेले होते.

"थांब," तो म्हणाला, आणि खुर्ची पुढे ओढून बसला.

त्याने चिनी माती उतरवायला घेतली. आधी कातडीचा रंग परत आणला, मग गालावरचा पहिला खड्डा. त्याच्या खाली जरा आतल्या बाजूला दुसरा. तिसरा कानाच्या अंगाला, उथळसा. मग भुवईतली खोक. तुळसा शेजारी उभी होती, पण त्याने एकदाही वळून बघितलं नाही.

"माझ्याकडे बघ तरी," ती म्हणाली. "चुकेल."

"नाही चुकणार."

तिने पर्समधला आरसा काढला, गालाशी धरला, पडद्याशी ताडून बघितला. एकही खड्डा इकडचा तिकडे नव्हता. आरसा तिने नुसताच हातात धरून ठेवला.

शरूने शेवटी दात केला आणि मागे टेकून फोटो बघितला. मग त्याने माउसवरून हात काढून घेतला.

"हा नाही देता येणार."

"का?"

"हा बघून तो नाही कसा म्हणेल? जहाज सोडून पोहत येईल." तो थांबला. "मी तर... मी तर चार महिने रोज..."

"रोज काय?"

"तू मला फार आवडतेस, तुळसा."

"मग हे आईला सांग," ती म्हणाली. डोळे भरले होते आणि हसूही दाबत होती. "मागे उभी आहे."

शेवंताबाई खरोखरच दारात उभ्या होत्या, डोक्यावर रिकामी पाटी. शरू ताडकन उठला. खुर्ची पडली, ती उचलण्यात आणखी थोडं धैर्य खर्च झालं.

"मावशी, सीडी नाही देत मी. मला... तुळसाशी लग्न करायचंय. तिलापण करायचंय. आत्ताच कळलं."

शेवंताबाईंनी पाटी खाली ठेवली. पडद्यावरच्या लेकीकडे बघितलं, मग खऱ्या लेकीकडे. खऱ्या लेकीने मान डोलावली. मग चार महिने जी रीत पाळली होती, तीच शेवंताबाईंनी पुढे चालवली.

"बरं. फोटो हाय का तुजा?"

शरूचा हात आपसूक माउसकडे गेला. तुळसाने तो मधेच धरला, आणि मग सोडलाच नाही.

"नको आई, फोटो नको. हा समोर उभा आहे ना, हाच बघ."

शेवंताबाईंनी कनवटीचा चष्मा काढून डोळ्यांवर चढवला, आणि शरूला म्हणाल्या, "इकडं ये रं जरा, उजेडात."