भिंगरीचा सव्वा महिना

सुवर्णाबाई भिलारेंच्या मनगटाला नाडी नव्हती, आणि त्या मजेत चहा पीत बसल्या होत्या.

कोयनेच्या धरणाचं पाणी बामणोलीच्या काठाला जिथं येऊन टेकतं, तिथल्या लाकडी धक्क्यावर रोज सकाळी सातला हा चहा व्हायचा. खाली एकट्यानं वल्हवायची पिवळी होडी, कयाक, दाव्याला बांधलेल्या वासरासारखी मान हलवत असायची. रुबीना मुजावर, काठावरच्या हृदयोपचार केंद्रातली व्यायामतज्ज्ञ, सुवर्णाबाईंच्या मनगटावर दोन बोटं ठेवायची, डोळे मिटायची आणि म्हणायची, "मावशी, तुम्ही तर केव्हाच गेलात."

"गेलेच होते की. वर सगळ्या शिटा भरलेल्या. उभ्यानं प्रवास कुणी सांगितलाय? आले परत."

चोवीस वर्षं एस.टी.त कंडक्टरकी केलेली बाई. गर्दीतून वाट काढता काढता गुडघे गेले, आणि चोपन्नाव्या वर्षी हृदयानंही मान टाकली. आता त्यांच्या छातीत मुठीएवढं चक्रहृदय होतं. आत एकच चकती, लोहचुंबकांच्या आधारानं अधांतरी तरंगणारी आणि मिनिटाला दोन हजार फेरे घेणारी. तिला ठोका नाही, ठेका नाही. कालव्याचं पाणी जावं तसं रक्त एकसारखं वाहत राहायचं. बसवल्याला बारा दिवस झाले, तेव्हा वॉर्डातल्या बायकांनी घुगऱ्या वाटून तिचं बारसं केलं होतं. गरगर फिरते म्हणून नाव ठेवलं भिंगरी.

बारसं झालं, पण भिंगरी अजून अजाण होती. आईच्या पोटातून आलेल्या हृदयाला नसांची नाती असतात. समोर जिना दिसला की ते पहिल्या पायरीआधीच पदर खोचून तयार होतं. भिंगरीला ही नाती नव्हती. पूर्वीची चक्रहृदयं एकाच वेगानं फिरायची, आणि माणसं तिसऱ्या पायरीवर भोवळ येऊन बसायची. भिंगरीच्या पिढीला शिकता येत होतं. त्या शिक्षणासाठी हे केंद्र होतं, आणि मुदत होती सव्वा महिन्याची. बाळंतिणीला जपतात तेवढीच.

"पण होडीच कशाला?" पहिल्या दिवशी सुवर्णाबाईंनी विचारलं होतं. "चालले असते की मी तालुक्यापर्यंत."

"चालताना पावलापावलाला गचका बसतो, मावशी. तुमच्या गुडघ्यांना तो सोसत नाही आणि ही बावचळते. तिला कळत नाही, हे कष्ट आहेत का खड्डा आहे."

"चोवीस वर्षं खड्डे खाऊन मला तरी कुठं कळतंय!"

पाण्यावर गचका नव्हता. दुपारी कमरेएवढ्या पाण्यात चालणं असायचं, सायंकाळी बैठी सायकल. पण खरी शाळा सकाळची, कयाकमधली. वल्ह्याच्या दांड्यात ताण मोजणारी तार होती. वल्हं पाण्यात किती जोरानं ओढलं, ते ती भिंगरीला कळवायची. वल्हं म्हणालं 'कष्ट', की भिंगरी वेग वाढवायची आणि त्या घडीला अंगात काय काय चाललंय, ते टिपून ठेवायची. श्वास किती उथळ, रक्त किती ऊन, खांदे कसे थरथरतात. शिकता शिकता वल्ह्याची गरज संपायची. त्या खुणा दिसल्या की ती आपल्या आपण धावायची.

"आणि सव्वा महिना झाला की शिकवणी बंद," रुबीनानं सांगितलं होतं. "मग शिकली ते जन्माचं. नाही शिकली, तेही जन्माचं."

सुवर्णाबाई हसल्या होत्या. पण ते वाक्य त्यांच्या पदराला कुसळासारखं चिकटून राहिलं होतं.

कारण त्यांना एक गोष्ट ठाऊक होती, ती कुणाच्या फाइलीत नव्हती.

केंद्रात येण्याआधीची, घरची दुपार. त्या मेथी निवडत होत्या. विलासराव, त्यांचे मालक, फोन हातात धरून आले. चेहरा पांढराफटक. "अगं, केतकी जिन्यावरून घसरली. दवाखान्यात नेलीये." केतकी त्यांची एकुलती लेक, सुरतेला दिलेली, आणि सहावा महिना चालू. सुवर्णाबाईंनी मान वर केली. म्हणाल्या, "बरं." आणि मेथीची पुढची काडी उचलली.

तासाभरानं कळलं, लेक सुखरूप, पोटातलं सुखरूप. विलासराव देवापुढं बसून रडले. मग बायकोकडे बघून हलक्या आवाजात म्हणाले, "तुला काहीच वाटलं नाही का गं?"

वाटलं होतं. डोक्यात सगळं होतं: जिना, लेकीचा पाय, पुढचं सगळं. पण छातीत धस्स झालं नाही. पोटात गोळा आला नाही. रिकाम्या गाडीत घंटी मारावी आणि ड्रायव्हरच जाग्यावर नसावा, तसं झालं. भिंगरी आपली दोन हजार फेरे घेत राहिली. तिच्या दृष्टीनं मेथी निवडणं आणि लेकीचं पडणं एकच.

सव्विसाव्या सकाळी, पाण्याच्या मधोमध, त्यांनी हे रुबीनाला सांगितलं. दोन्ही कयाका शेजारी शेजारी थांबल्या होत्या.

"माझं काळीज दगडाचं झालं, पोरी. दगड तरी तापतो उन्हानं."

रुबीनानं हात लांबवून त्यांची कयाक धरली. "मावशी, ते अभ्यासक्रमात नाही. यंत्र बनवणाऱ्यांनी फक्त कष्टांचा विचार केलाय."

"मग मला एक सांग. वल्हं मारताना माझा गळा दाटून आलेला असला, तर ही त्याचीपण खूण धरंल का?"

रुबीनानं वल्हं मांडीवर आडवं ठेवलं. "भीती काय, माया काय, रक्तात आपला आपला रस सोडतात. तो तिला दिसतो, फक्त त्याचा अर्थ लागत नाही." तिनं दांड्यातल्या तारेवर बोट टेकवलं. "त्याच वेळी वल्ह्यावर जोर असला, तर... धरेल. बहुतेक."

"बहुतेकला किती तिकीट लागतं?" असं म्हणून सुवर्णाबाईंनी वल्हं उचललं.

त्या दिवसापासून पाण्यावर आवाज येऊ लागला. आईनं दळताना म्हटलेलं कानात होतं, पण शब्द त्यांचे स्वतःचे. वल्ह्याच्या एका ओढीला एक चरण.

*पहिलं माझं वल्हं, डाव्या गं हाताचं*
*लेकीचं पहिलंपण, आईच्या गं दाराचं*

*दुसरं माझं वल्हं, पाण्याला पडे घडी*
*सातवा लागला लेकीला, जपून चढ गं माडी*

जिथं गळा दाटायचा, नेमकं तिथंच त्या अंगातला सगळा जोर वल्ह्यावर टाकायच्या. डोळ्यांतून पाणी, कपाळावर घाम, आणि कयाक बाणासारखी पुढं. मागून येणाऱ्या रुबीनाला तिसरी ओवी ऐकू यायची, तेव्हा ती आपलं वल्हं पाण्यात न बुडवता तशीच बसून राहायची.

*तिसरं माझं वल्हं, तळ्याच्या गं तळा*
*शीक बाई भिंगरे, शीक तू कळवळा*

पण भिंगरी शिकेना. सुवर्णाबाई खाटेवर बसून केतकीशी फोनवर बोलायच्या. बाळ लाथा मारतं म्हणून लेक हसायची. यांचे डोळे भरायचे आणि छाती आपली थंड. तीस दिवस झाले. तेहतीस झाले. जिना मात्र आता त्या न थांबता चढायच्या. केंद्रातले सगळे कौतुक करायचे, आणि कौतुक ऐकून त्यांना आणखी एकटं वाटायचं.

छत्तिसावा दिवस. सायंकाळचे पाच वाजून गेले होते. सुवर्णाबाई केंद्राशेजारच्या एस.टी. स्टँडच्या शेडमध्ये बाकावर टेकल्या होत्या. जुन्या सवयीनं त्या रोज साताऱ्याची गाडी सुटताना बघायला यायच्या. गाडी भरली, दार लागलं, निघायची डबल बेल झाली. तेवढ्यात उतारावरून एक म्हातारी धावत येताना दिसली. काखेत बोचकं, एका पायात चप्पल, हात वर केलेला. आवाज तिच्या तोंडातून फुटत नव्हता. आज साताऱ्याला जाणारी ही शेवटची गाडी. कंडक्टर तिकिटांच्या यंत्रात डोकं घालून बसलेला. गाडी हलली.

आणि सुवर्णाबाईंच्या छातीत धस्स झालं.

नंतर कानशिलं तापली, हातापायांत ऊन धार सुटली, मांड्यांत बळ आलं, आणि त्या बाकावरून उठून गाडीसमोर हात पसरून उभ्या राहिल्या. "ओ मास्तर! सिंगल मारा, सिंगल! माणूस राहिलंय मागं! डोळे काय आगारात जमा केले का?"

गाडी थांबली. म्हातारी चढली. चढण्याआधी तिनं सुवर्णाबाईंच्या गालावरून हात फिरवून आपल्या कानशिलावर बोटं मोडली. काय झालं म्हणून रुबीना धावत आली, तेव्हा त्या मातीत फतकल मारून, छातीवर दोन्ही तळवे दाबून, एकाच वेळी रडत आणि हसत होत्या.

"मी लेकीचं शिकवलं गं हिला. आणि ही बया परक्या म्हातारीसाठी उठली!"

दुसऱ्या दिवशी डॉक्टर पोळ आले. शिकवणी बंद करायची सही त्यांची असायची. मऊ बोलणारा, चष्मा सारखा पुसणारा माणूस. त्यांनी पडद्यावर रेघ दाखवली. सपाट रेघ, आणि पाच वाजून अकरा मिनिटांनी डोंगरासारखी वर गेलेली.

"धावलात म्हणून वेग वाढला, असं मला आधी वाटलं. पण सुवर्णाताई, तुम्ही बाकावरून उठायच्या तीन सेकंद आधी हा चढ सुरू झालाय. तुम्ही नुसत्या बसला होतात."

"मी बसले होते. ती न्हाई बसली."

डॉक्टरांना हसू आलं, पण ते टिकलं नाही. त्यांनी रुबीनाकडे पाहिलं. "रोज सायंकाळी यंत्र दिवसभराची उजळणी करतं. वल्ह्याशी किंवा व्यायामाशी न जुळणारी खूण गडबड समजून गाळून टाकतं. ही राहिली कशी?"

"मी गाळणी बंद ठेवली होती, सर. दहा दिवसांपासून." रुबीनाचा आवाज बारीक झाला होता, पण मान ताठ होती.

"न विचारता?"

"तिला बोलू नका," सुवर्णाबाई मध्ये पडल्या. "तिकीट मी काढलंय. दंड मला करा."

डॉक्टरांनी चष्मा पुसला. मग खुर्ची ओढून त्यांच्या समोर बसले आणि सगळं सरळ सांगितलं. कष्टाला अंग तयार असतं, तेव्हा वाढलेला वेग रक्ताला सोसतो. बसल्या जागी असा उसळला, तर गुठळी धरण्याचं भय. शांत चक्रहृदय पंधरा वर्षं सहज जातं. असं उसळणारं अकरा, फार तर बारा. "उद्या शिकवणी बंद होईल. त्याआधी हा एवढा तुकडा पुसता येतो. दुखणार नाही, कळणारही नाही. जिना, होडी, चालणं, सगळं तसंच राहील. माझा सल्ला पुसण्याचा आहे. पण हृदय तुमचं आहे."

सुवर्णाबाई बोटांवर मोजत होत्या. केतकीचं बाळ दोन महिन्यांनी येणार. पंधरा वर्षं म्हणजे त्याची दहावी. अकरा म्हणजे पाचवी, सहावी. बोटं मिटली, पुन्हा उघडली. चार वर्षं म्हणजे लहान गोष्ट नव्हे. पोर कितीतरी उंच होतं तेवढ्यात. आवाज फुटतो त्याचा. आजीला डोक्यानं मागं टाकतं.

"दहावीचे पेढे माझ्या वाट्याला न्हाईत म्हणायचे," त्या शेवटी म्हणाल्या. त्या बसल्या जागीच पडद्यावरची आताची रेघ हळूच वर चढू लागली. तिघांनीही ती पाहिली. "पण ते पोर चालायला लागंल तेव्हा पडंल. पडणारच. तेव्हा मी 'बरं' म्हणून मेथी निवडत बसायचं? तसली आजी पंधरा वर्षं पुरवून त्यानं करायचं काय? राहू दे डॉक्टर. माझी भिंगरी आहे तशी राहू दे."

डॉक्टरांनी मान हलवली. सही केली. पेन बंद केलं, आणि उठता उठता थांबले, कारण सुवर्णाबाई अजून त्यांच्याकडेच बघत होत्या.

"एक विचारू? माझ्याआधी इथं किती जण शिकून गेले?"

"एकतीस."

"त्यांच्यात कुणाची अशी उठली न्हाई?"

डॉक्टरांनी पडद्यावरची रेघ पुन्हा पाहिली. "उठली असेल," ते सावकाश म्हणाले. "गाळणी तर सगळ्यांचीच चालू होती. आम्ही कधी पाहिलं नाही."

"त्यांच्या बायका फोन करतात, सर," रुबीना म्हणाली. "तक्रार कुणाचीच नसते. जिना चढतात, शेतात जातात, जेवण चांगलं आहे. फक्त म्हणतात, 'हे फार शांत झालेत.' मी फाइलीत लिहिते, प्रकृती उत्तम."

बाहेर धक्क्यावर कुणीतरी कयाक ओढून पालथी घातली. डॉक्टर खिडकीशी जाऊन उभे राहिले. "शिकवणी पुन्हा उघडता येते," ते पाठमोरेच बोलले. "पण त्यासाठी छाती पुन्हा उघडावी लागते. माणसानं स्वतः मागितल्याशिवाय आम्हाला ते करता येत नाही. मी उद्यापासून एकेकाला भेटतो. विचारतो, काही हरवल्यासारखं वाटतं का?"

सुवर्णाबाईंनी पदर डोळ्यांना लावला, आणि अगदी मऊ आवाजात, जणू त्या एकतीस जणांपैकी कुणी दाराशी येऊन उभं असावं तसं, म्हणाल्या,

"डॉक्टर, ज्याचं वाटणंच गेलंय, त्याला हरवल्यासारखं कसं हो वाटणार?"