ओला हात नको

मखमली पेटीतला हार मालकिणीने उलटून पाहिला आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. माणकांचा हार गेला होता. पेटीत त्याचाच हुबेहूब काचेचा जुळा होता.

तिच्या दागिन्यांच्या दुकानातच जाहिरातीचे फोटो नुकतेच काढून झाले होते. जवळच्या फोटोंना खरा हार, नाचाच्या फोटोंना नकली. दोन्ही मॉडेलच्या गळ्यात घालायचं काम शिंपीणमावशींचं.

"चोर घरातच पोसला मी!" मालकीण मावशींवर कडाडली.

मावशी रडकुंडीला आल्या. आजवर मिळवलेलं नाव एका क्षणात मातीत गेलं होतं.

इन्स्पेक्टरबाई आल्या. दार बंद होतं, कोणी बाहेर गेलं नव्हतं, अंगझडतीत काही सापडलं नव्हतं. बाई हात धुऊन पेटीपाशी आल्या.

"अहो, ओला हात नको!" मालकिणीचा दीर ओरडला. नकली दागिन्यांचा विभाग तोच बघायचा. "खड्यांमागचा मुलामा काळा पडतो लगेच."

बाईंनी हात पुसले, हार पालथा केला. मुलामा लखलखीत होता.

"मावशी, हार काढून कुठे ठेवलेत?"

"दोन्ही टेबलावर. मग झगा उसवला, तो शिवत बसले. भाऊसाहेब नळाखाली एक हार धूत होते, तेवढं दिसलं."

"नकलीच तो!" दीर हसला. "गळ्याची पावडर चिकटली होती."

"साबण लावलात?"

"चांगला खसखसून."

"आणि खरा?"

"बोटसुद्धा लावलं नाही. वहिनींची शपथ!"

"मग हा मुलामा काळा का नाही पडला?"

दिराचं हसू मावळलं.

"माझ्या ओल्या हातावर खेकसणारा माणूस नकली हार नळाखाली धरेल?" बाई म्हणाल्या. "तुम्ही धुतलात तो खरा. त्याला मुलामा नसतोच. मावशींनी पाहिलं, म्हणून नकलीचं नाव सांगावं लागलं. पण धुतलात कशाला? तुमच्या कपाटातल्या कोऱ्या नकली हारांत पावडरीचा हार उठून दिसला असता म्हणून."

त्या त्याच्या विभागातल्या काचेच्या कपाटाकडे वळल्या. पाण्याचं भांडं मागवलं. पहिला लाल हार पाण्यावर धरला.

"नको!" दीर कळवळला.

दुसरा हार. "अहो, वाया जाईल!"

तिसरा हार बाईंनी सरळ बुडवला. दीर गप्प. मालकिणीने झडप घालून तो उचलला. तिची माणकं होती ती!

बाई दिराला घेऊन गेल्यावर मालकीण मावशींसमोर हात जोडून उभी राहिली.

"हार मिळाला, ताई, बरं झालं," मावशी सुईदोरा गुंडाळत म्हणाल्या. "पण तुम्ही मला चोर म्हणालात, ते मी आता कुठे ठेवू?"