हिंमतरावांचं चाकांवरचं घर

हिंमतरावांचं घर सातपुड्यावर चढवायचं होतं. हो, घरच! चार भिंती, दोन खिडक्या, आत पलंग, कपाट, मागं पाण्याची टाकी, आणि खाली दोन रबरी चाकं. लढाई संपली आणि लष्करानं आपला पसारा लिलावात काढला, तेव्हा जळगाव जामोदच्या या बड्या जमीनदारानं कुण्या कर्नलचं हे घर उचललं आणि ते ओढायला एक जुनी लष्करी मोटार-वॅगनही घेतली. उन्हाळा पठारावरच्या गारव्यात काढायचा, पाहुण्यांना शिकारीला बोलवायचं, असा थाटाचा बेत! पण घाट चढवणार कोण? ब्रह्मदेशात लष्कराचे ट्रक हाकून आलेला एकच माणूस गावात होता, इंद्रभान.

"घर वर पोचव," हिंमतराव चार माणसांदेखत म्हणाले, "अन् वॅगन तुही!"

इंद्रभानला त्या रात्री झोप लागली नाही. जन्मभर दुसऱ्याच्या गाड्या हाकल्या होत्या. आता आपली गाडी! शेगावच्या स्टेशनापुढं उभी करायची, जळगावचे उतारू भरायचे, आणि कुणाला 'मालक' म्हणायचं नाही.

पण हुरळून जाणारा गडी नव्हता तो. सकाळीच त्यानं घर ओढत जिनिंगवर नेलं आणि कापसाच्या बैलबंड्या तोलायच्या काट्यावर चढवलं. सामानासकट पन्नास मण!

"मालक, हे नाई जमत."

"काऊन नाई? लिलाववाला म्हने, वॅगन चाळीस मन ओढते. धाचा तर फरक!"

"चाळीस ओढे ते नवी होती तवा, अन् सपाटीवर. आता इंजिन म्हातारं झालं, ब्रेक घासले. घाटात चौतीसच्या वर एक शेर नाई."

हिंमतरावांनी तोंड कडू केलं, पण ऐकलं. सागवानी कपाट उतरलं, ग्रामोफोन उतरला, लोखंडी पलंग उतरला, आणखीही बरंच उतरलं. काटा चौतीसवर आला. उरलेलं सामान लावलं मोतीरामकाकानं. चाळीस वर्षं बंडी हाकलेला माणूस, त्याच्या हातची बंडी कधी कलंडली नाही. बंडीवाल्याचा धर्मच असा, की जू बैलाच्या मानेवर जड पडू द्यायचं नाही. त्यानं भारी पेट्या घराच्या चाकांमागं सारल्या. वॅगनला जोडायची दांडी एका हातानं उचलली जाईल इतकी हलकी झाली.

"पाय, कशी फुलावानी झाली! तुह्या वॅगनची मान दुखनार नाई."

इंद्रभान खूश झाला. तोही बैलामागं वाढलेलाच. ट्रक हाकले होते खरे, पण मागं असं धूड जोडून कधी ओढलं नव्हतं. भार मागं सारला, हीच ती चूक, आणि ती दोघांची होती!

निघाले. नाल्याच्या वाळूत चाकं रुतली, तुराट्या अंथरून काढली. सपाटीवर वेग धरला की घर मागं शेपटी हलवल्यासारखं डोलायचं, वॅगनलाही झुलवायचं. इंद्रभानला ते खटकलं. पण वेग कमी केला की डोलणं थांबे, म्हणून त्यानं मनाची समजूत घातली. घाटाच्या पायथ्याशी शेवटचं खेडं लागलं. इंजिन तापलं होतं. तो बादली घेऊन विहिरीवर गेला, परत आला, आणि चढ सुरू केला. मोतीरामकाका मागून पायी चालत होता, हातात दगड घेऊन. गाडी थांबली की चाकाखाली लावायला.

"मालक, घाटात आत बसू नोका," इंद्रभाननं बजावलं होतं.

"माह्याच घरात मी बसू नोको? वा रे वा!" आणि दार लागलं.

पहिलं वळण निघालं. दुसरंही. तिसऱ्यावर, जिथं डावीकडं खडक आणि उजवीकडं नुसती खोल दरी, वॅगनची मागची चाकं एकाएकी फिरू लागली. जागच्या जागी! धुरळा उडाला. वॅगनचं बूड कुणी वर उचलल्यासारखं हलकं झालं होतं.

"काका, मांगं काय भरलं?"

"टाकी!" मोतीराम ओरडला. "तू हिरीवर गेल्तास तवा मालकानं टाकी भरून घेतली! धा मन पानी हाय मांगं!"

शेपटाला दहा मण! दांडी वर, चाकं अधांतरी, ब्रेक कशाला धरणार? गाडी मागं सरकली. मोतीरामनं दगड लावला, तो चेंदून गेला. घराचं एक चाक दरीच्या काठाशी आलं.

"सोडू का रे?" मोतीराम पुढं धावला होता, त्याचा हात घर वॅगनला अडकवणाऱ्या आकड्याच्या खुंटीवर होता. "मालकानं उडी मारली असंन! उपटतो खुंटी, गाडी वाचते तुही!"

इंद्रभाननं आरशात पाहिलं. खिडकीच्या काचेवर एक हात थापडत होता. चौकट पिळून दार अडकलं होतं!

एक शब्द. नुसतं 'हाव' म्हणायचं होतं. वॅगन वाचली असती, मालक उरला नसता, आणि कुणी काही विचारलं नसतं.

"नोको! मालक आत हायेत!" तो किंचाळला, आणि हातातलं चाक सगळं डावीकडं फिरवलं. वॅगन आडवी झाली. खडकावर आदळली! काचा फुटल्या, पुढचा आस मोडला, इंजिन आचका देऊन बंद पडलं. पण अडकली! एक चाक दरीवर लोंबकळत घर थांबलं.

मोतीरामनं खिडकी फोडून हिंमतरावांना बाहेर ओढलं. आधी त्यांनी घर न्याहाळलं, फुटकी खिडकी अन् पिळलेलं दार सोडलं तर ते धड होतं. मग वॅगनकडं पाहिलं. रक्तानं माखलेल्या इंद्रभानकडं नाही, वॅगनकडं!

"काऊन बे, मोडली माही गाडी?"

"तुमची नोय मालक," इंद्रभान म्हणाला. "माही मोडली."

"तुही कशी? घर कुठी पोचलं वर?"

इंद्रभाननं टाकीची तोटी उघडली. पाणी घाटावरून वाहायला लागलं, त्यात त्यानं तोंडावरचं रक्त धुतलं आणि उताराची वाट धरली. मागून हाका आल्या, मग शिव्या आल्या. मोतीरामकाका त्याच्या बरोबरीनं चालू लागला.

दोन वळणं उतरली.

"माहं चुकलं रे," म्हातारा म्हणाला. "मी बैलाची मान पाह्यली. मशिनीच्या मांगच्या चाकायवर भार पाह्यजे, हे कोनं सांगतलं होतं आपल्याले?"

"कोनीच नाई, काका."

"अन् ते खुंटी... म्या तवाच उपटाले पाह्यजे होती."

इंद्रभान थांबला. वर वळणावर हिंमतराव अजून ओरडत होते, माणसं पाठवा, बैल पाठवा, घर वर न्या.

"मलेही एक घडी तसंच वाटलं होतं," तो म्हणाला.

"अन् आता?"

"आताही वाटून राह्यलं, काका."