खिळ्यावरची चावी

बसा. ही येईपर्यंत तरी बसा. सायकलवाल्याकडे गेली आहे, येईलच आता. दिवा आहे तिथेच राहू द्या. आणि त्या कोपऱ्यातल्या खिळ्याकडे आत्ता बघू नका. मी सांगेन तेव्हा बघा.

तुम्ही शेजारी नवीन, म्हणून मुळापासून सांगतो. भुताखेतांच्या गप्पा रंगवायची मला हौस नाही. मी पस्तीस वर्षं शिवणयंत्रं दुरुस्त केली. यंत्र बिघडलं की त्याला कारण असतं आणि चिकाटीनं शोधलं की ते सापडतं, एवढंच मी मानत आलो.

गेल्या वर्षी चष्म्याची काडी मोडली म्हणून चष्मेवाल्याकडे गेलो होतो. काडी बसवता बसवता तो म्हणाला, "काका, मागच्या गल्लीत एक जुनी लेथ विकायची आहे. कुलूपवाले गेले ना, त्यांची. लहान आहे, घरात मावेल." मी चष्मा नाकावर चढवला आणि घरी यायचं सोडून तडक तिकडे वळलो. जन्मभर दुसऱ्यांच्या लेथपुढे, म्हणजे धातू कातायच्या यंत्रापुढे, ताटकळत बसून सुटे भाग करून घेतले होते. आपली स्वतःची एक असावी ही इच्छा निवृत्त झालो तरी गेली नव्हती.

कुलूपवाल्यांच्या बायकोनं दार उघडलं आणि मागच्या खोलीत नेलं. एका फुलाफुलांच्या चादरीखाली लेथ होती. चादर काढली आणि मी बघतच राहिलो. ओतीव लोखंडाची, हिरवा रंग ठिकठिकाणी उडालेला, पण गंजाचा एक ठिपका नाही. खाली मोटर, आणि मोटरपासून वरच्या कप्पीपर्यंत चामड्याचा रुंद पट्टा. पट्ट्याला एका जागी जाड दोऱ्याची तिरकी शिवण होती. माझं सगळं आयुष्य शिवणी बघण्यात गेलेलं, लक्ष जाणारच. हातशिलाई होती, टाके बारीक आणि अगदी एकसारखे.

"तो मी शिवलाय," बाई म्हणाल्या. "दोन गोष्टी ऐकणार असाल तर न्या. पट्टा बदलू नका. आणि चावीला आधी एक खिळा ठोका."

चावी म्हणजे काय ते सांगतो. लेथचा जो भाग गरगर फिरतो त्याला चक म्हणतात. चकचे तीन जबडे कामाचा तुकडा धरतात आणि ते आवळायला वीतभर लांबीची, आडव्या मुठीची चावी असते. आवळून झालं की चावी काढायची, मगच बटण दाबायचं. ती चकमध्येच राहिली आणि लेथ सुरू झाली, तर ती सुटून कुणाच्या कपाळात बसेल याचा नेम नाही. शिकाऊ पोराला पहिल्या दिवशी हेच घोकून घेतात, की चावी चकमध्ये असेपर्यंत तिच्यावरचा हात सोडायचा नाही. हे मला काय सांगता, असं मनात म्हणत मी मान डोलावली. या चावीच्या मुठीच्या एका टोकाला कुलूपवाल्यांनी तांब्याची तार गुंडाळली होती. हात घसरू नये म्हणून असेल.

लेथ घरी आली तेव्हा ही कमरेवर हात ठेवून दारात उभी. म्हणाली, "आणली का एकदाची सवत? उतरवायला चार माणसं लागली. मी आले तेव्हा एकटीच चालत आले होते." मी हसलो, आणि पहिलं काम केलं ते म्हणजे तो खिळा ठोकला. तोच तो, कोपऱ्यातला. बघू नका म्हटलं ना!

पहिले दोन महिने सुखाचे गेले. हिच्या कपाटाला नव्या मुठी केल्या, नातीच्या तीनचाकीचा आस केला. पितळेचा तुकडा फिरायला लागला की कातायच्या हत्याराखालून सोनेरी किस निघतो, गरम तेलाचा वास खोलीभर पसरतो, आणि माणूस तहानभूक विसरतो. चार वाजले की स्वयंपाकघरातून हिची हाक यायची, "चहा झालाय!" हातातलं टाकून मी जायचो. दुसऱ्या हाकेनंतर चहा नाही, हा या घरातला कायदा आहे.

असाच एकदा चहा पिऊन परत आलो, बटण दाबलं. मोटर घुं घुं करत राहिली, चक ढिम्म. वाकून पाहिलं तर पट्टा कप्प्यांवर नव्हता. खाली टेबलावर होता, नीट दुमडून ठेवलेला. निसटलेला पट्टा वेडावाकडा लोंबतो हो, त्याची घडी होत नाही. मीच काढून ठेवला असेल आणि विसरलो असेन असं म्हटलं, चकमधली चावी काढून खिळ्याला लावली आणि पट्टा परत चढवला. खोलीत कसलासा वास होता. करपलेल्या चहाचा. हिला विचारलं तर म्हणाली, "माझा चहा कधी करपलाय का आजवर?"

पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. मग पुन्हा. तीच घडी, तोच वास.

खरं सांगू? भुताचा विचारही मनात आला नव्हता. मला भीती वाटली ती वेगळीच. माझ्या थोरल्या भावाचं असंच सुरू झालं होतं. आधी चष्मा कुठे ठेवला ते विसरायचा, मग नावं, मग आम्हालाच. पट्टा काढणारा मी, घडी घालणारा मी आणि विसरणाराही मीच, असं धरून मी महिनाभर झोपेविना काढला. हिला बोललो नाही. भिंतीवरच्या तारखा मनातल्या मनात पाठ म्हणून पाहायचो.

मग एक दिवस चहाला गेलोच नाही. हिनं हाक मारली, मी "आलो" म्हटलं, खोलीबाहेर पडलो आणि दाराच्या फटीला डोळा लावून उभा राहिलो. भर दुपार. खिडकीतून ऊन थेट लेथवर पडलेलं. आतून आवाज आला... चामडं लोखंडावर घासल्याचा, अगदी हळू. वरच्या कप्पीवरून पट्ट्याची कड उचलली गेली. कुणी अंगठा घालून उचलावी तशी... मग पट्टा खाली आला. टेबलावर टेकला. आणि त्याची एक बाजू दुसऱ्या बाजूवर... सावकाश... घडी होऊन बसली.

हिची दुसरी हाक आली तेव्हा मी दारातच खाली बसलो होतो. हिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं. फक्त म्हणाली, "उद्या विकून टाका."

आठवड्यात गिऱ्हाईक मिळालं. आपल्या नाक्यावरचा सायकलवाला. तिशीतला पोरगा, हसरा, हातात वीज असलेला. दुकानाच्या मागेच घर, बायको, रांगतं मूल. त्यानं विचारलं, "काका, काही खोड?" मी म्हटलं, "पट्टा अधूनमधून उतरतो." खोटं बोललो नाही मी. पण बाईंच्या दोन्ही अटी गिळल्या. त्या सांगितल्या असत्या तर का म्हणून विचारलं असतं, आणि मला ती लेथ घराबाहेर हवी होती. तो म्हणाला, "मग हा पट्टा भंगारात. नवा रबरी बसवतो, वर लोखंडी झाकण. उतरायची काय टाप आहे त्याची?" चावी मी स्वतः त्याच्या हातात दिली. तारेवरून अंगठा फिरवून तो म्हणाला, "भारी आहे." त्या रात्री मी किती महिन्यांनी गाढ झोपलो.

चादर तेवढी राहिली होती, बाईंची. ती परत द्यायला गेलो. चादर हातात घेत त्यांनी विचारलं, "पट्टा उतरतो का हो अजून?"

 त्यांनी मला खुर्चीवर बसवलं आणि आपण दाराला टेकून उभ्या राहिल्या. "त्या दिवशी मी चहाला हाक मारली," त्या म्हणाल्या. "चावी काढायला हे कधी चुकायचे नाहीत. पण दुसऱ्यांदा मी जरा चिडून हाक मारली... चावी चकमध्ये तशीच ठेवून हे आले. चहा अर्धाच घेतला, आणि घाईनं परत जाऊन बटण दाबलं. मी दुसरं आधण ठेवलं होतं, भाजी चिरत होते. आवाज झाला. धावले तर हे बटणावरच पडलेले, लेथ चालूच... बंद कशी करतात मला ठाऊक नाही. हातात सुरी होती, ती चालत्या पट्ट्यावर धरली. पट्टा तुटला तेव्हा थांबली. चहा उतू जाऊन करपून गेला होता." मग मान वर करून त्या म्हणाल्या, "पट्टा कधी उतरतो, ते आठवून बघा."

मी आठवून पाहिलं. पाच वेळा उतरला होता. पाचही वेळा पट्टा चढवण्याआधी मी चकमधली चावी काढली होती. हातांनी काढली होती, डोक्याला पत्ताच नव्हता! पाच वेळा मी मेलो असतो. आणि ज्यानं मला पाचदा वाचवलं त्याला मी घाबरून घराबाहेर काढलं होतं.

तिथून मी या वयात पळत सुटलो. दुकानाशी पोचलो तेव्हा सायकलवाला हात पुसत बाहेर येत होता, आतून बायको हाका मारत होती. "चावी कुठे आहे?" मी ओरडलो. तो म्हणाला, "चकमध्ये. आत्ताच आवळत होतो. का?" आम्ही आत गेलो. नवा रबरी पट्टा झाकणाखाली पक्का बसलेला, तो आता उतरणार नव्हता. चकमध्ये चावी नव्हती. टेबलावर नव्हती, खाली नव्हती. तो डोकं खाजवत राहिला. घरी येऊन पाहतो तर ती या खिळ्यावर होती. तांब्याची तार गुंडाळलेली, तेलानं माखलेली. हाताला कोमट लागली.

दुसऱ्या दिवशी ती घेऊन गेलो आणि त्याला सगळं सांगितलं. पाया पडायचा बाकी राहिलो. त्याची बायको मुलाला छातीशी धरून ऐकत होती. तो मात्र हसला. म्हणाला, "काका, काळजी घेतो. शपथ." आठ दिवसांनी चावी पुन्हा खिळ्यावर. त्यानं बाजारातून नवी कोरी आणली, तर चार दिवसांत तीही पहिलीच्या शेजारी येऊन लटकली. दोन्ही घेऊन गेलो तेव्हा तो हसला नाही. ग्राहकांसमोर म्हणाला, "काका, विकलेल्या वस्तूच्या चाव्या चोरायचं हे काय वय आहे का? लेथ परत हवी असेल तर सरळ सांगा."

मी म्हटलं, "सांगतो, हवी. परत दे." पण त्याचं डोकं फिरलं होतं. त्यानं माझ्यादेखत कपाटातून साखळी काढली. नव्या चावीच्या मुठीला एक टोक, लेथच्या पायाला दुसरं, वर कुलूप. "आता बघू कोण नेतो ते."

ती परवाची गोष्ट. काल खिळा दिवसभर रिकामा होता, आणि मी दिवसभर त्याच्यासमोर. आज चारला हिनं चहाची हाक मारली. मी उठलो, दारापर्यंत गेलो, आणि मागे काहीतरी खिळ्यावर पडलं. लोखंडाचा आवाज नव्हता. मऊ होता. खोलीत करपलेल्या चहाचा वास इतका, की हीसुद्धा पदर नाकाला लावून आत आली.

सायकलवाल्याला तीनदा फोन लावला. वाजतो, कुणी उचलत नाही. मला हा खिळा सोडवेना, म्हणून ही गेली. जाताना म्हणाली, "शेजाऱ्यांना बोलावून घ्या, एकटे बसू नका."

आता बघा. दिवा वर धरा, त्या कोपऱ्यात दिवसाही अंधार असतो. तोच चामड्याचा पट्टा. महिन्यापूर्वी भंगारात गेलेला. ही बाईंची शिवण, हिचा एकही टाका हललेला नाही. आणि ही खालची बाजू... नीट बघा. तिरका काप आहे, सुरीचा, बाईंनी तेव्हा चालत्या पट्ट्यावर घातला होता तसाच. ताजा. आतलं चामडं अजून पांढरं आहे.

थांबा... फाटक वाजलं. तिच्याच चपला आहेत, मी ओळखतो. बाहेरून आली की फाटकातूनच ओरडते ही, "आले हो, चहा टाकते!" चाळीस वर्षांत एकदाही चुकली नाही.

पायऱ्या चढून वर आली. दारापाशी उभी आहे.

हाक मारत नाही.