लेकीची राखण

संसार आमचा दोघींचाच, माझा आणि माझ्या लेकीचा. नर्सची नोकरी धरून, पोर कडेवर घेऊन मी परक्या मुलखात निघाले तेव्हा सगळ्यांनी मला वेड्यात काढलं होतं. पण या मुलखाने मला पोटाशी धरलं, खोटं कशाला बोलू? वरच्या मजल्यावर एक खोली, ऊन भरभरून आत येईल अशी खिडकी, आणि उतारावरून सायकल सोडून दिली की थेट हॉस्पिटलचं फाटक.

घोर एकच. शाळा दुपारी सुटायची, माझी ड्यूटी संध्याकाळी. मधल्या वेळात लेक कुलपाआड एकटी.

वॉर्डात कोपऱ्यातल्या खाटेवर एक म्हातारी होती. पक्षाघाताने निपचित, बेशुद्ध. मागेपुढे कोणी नाही. बेशुद्ध माणसालाही सांगूनच हात लावायचा, ही आमची रीत. "आई, पाठ पुसते हं." माझी भाषा त्यांना कुठली यायला! म्हणून तर मी मोकळी व्हायची. अंग पुसता पुसता घरचं सगळं सांगायची, मनची ओवीही म्हणायची:

*लेक माझी एकली गं, बंद दाराच्या आडोशी*
*कुणी बसावं माऊली, तिच्या उशाच्यापाशी*

"त्यापेक्षा भिंतीशी बोल, ती तरी हूं म्हणेल," मोठी नर्स चिडवायची.

एकदा मी हसत म्हणाले, "आई, मी तुमचं बघते, तुम्ही माझ्या लेकीचं बघा. फिट्टंफाट!"

त्या संध्याकाळी लेक म्हणाली, "आज आजी आली होती."

"कोण आजी? दार उघडलंस तू?"

"नाही गं. ती आतच होती."

पोरखेळ म्हणून मी सोडून दिलं. पण ती आजी रोज येऊ लागली. "आपल्यासारखंच बोलते. फक्त तोंड हलत नाही तिचं," लेक सांगायची. एकदा भाजी निवडताना पोर गुणगुणू लागली आणि माझे हात थांबले. माझीच ओवी. घरी मी ती कधी म्हटली नव्हती.

मी कुलूप बदललं. आजी येतच राहिली. पण लेक आताशा रडत नव्हती, ताटातलं संपवत होती. भीती वाटायची, आणि खरं सांगते, बरंही वाटायचं.

मग एका दुपारी वॉर्डात घरमालकिणीचा फोन आला.

"धावत ये! पोरगी खिडकीतून अर्धी बाहेर आली होती. मी खालून ओरडतेय, तेवढ्यात कोणीतरी तिला आत ओढलं. कोण असतं गं तुझ्या घरात?"

जिना कसा चढले, आठवत नाही. कुलूप जसंच्या तसं. लेक जमिनीवर बसून डोकं चोळत होती.

"आजीने वेणी धरून ओढलं. दुखलं ना!"

मी तिला छातीशी घेतलं. कितीतरी वेळ सोडलंच नाही.

सकाळी ड्यूटीवर गेल्या गेल्या त्या खाटेशी उभी राहिले. आई तशाच निपचित. मी त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. "उपकार झाले, आई."

मग कोमट पाणी घेतलं. अशा रुग्णांची मूठ वळून बसते, आतला तळवा रोज पुसावा लागतो.

"आई, हात उघडते हं."

एकेक बोट सोडवलं.

तळव्यात केस होते. काळेभोर, लांब. लेकीला मी लावते त्याच तेलाचा वास.

डोळे भरून आले. मी ते केस हलकेच काढू लागले.

मूठ पुन्हा मिटली.

मी ओढून पाहिलं. आई सोडेनात.