गव्हाणीचं पाचवं पिल्लू

एकाच आईची, एकाच घरट्यातली पाच पिल्लं, पण एकासारखं दुसरं नाही! सगळ्यात मोठं पिसं फुटून ऐटीत उभं, तर धाकटं त्याच्या जेमतेम निम्मं, पांढऱ्या लवेत गुरफटलेलं. असं कसं? आठवडाभर कृत्तिका याच विचारात होती.

ही पिल्लं होती गव्हाणी घुबडाची. बार्शीजवळच्या एका धान्यगोदामाच्या छताखाली तिच्या आजोबांनी लाकडी पेटी बसवली होती. आजोबा म्हणजे डॉ. खानविलकर, पक्ष्यांचे अभ्यासक. पेटीत कॅमेरा होता आणि त्याची काच पुसायला खारू होता. खारू म्हणजे खारीएवढा, भिंतीवर सरसर चढणारा यंत्रमानव. पेटीत अवरक्त प्रकाश (माणसांना आणि घुबडांना न दिसणारा, पण कॅमेऱ्याला दिसणारा प्रकाश) सोडलेला असे. त्यामुळे अंधार पडला तरी कृत्तिकाला पुण्यातल्या घरी बसून सगळं थेट दिसे.

त्या दिवशी दिवेलागणीला घुबडांचा बाबा उंदीर घेऊन आला. चार पिल्लं पुढे सरसावली. धाकट्याला कोणी वाटच दिली नाही. दुसऱ्या खेपेलाही तेच झालं. कृत्तिकाला राहवेना. त्या पिल्लाला बाहेर काढून खायला घाल, असा निरोप तिने खारूला पाठवला. पेटीत शिरायला आजोबांची परवानगी लागते, असं खारूने कळवलं. मग तिने आजोबांनाच फोन लावला.

"आजोबा, ते आजारी आहे. असंच चाललं तर मरेल ते."

आजोबा लगेच हो म्हणाले नाहीत, की नाही म्हणाले नाहीत. त्यांनी तिला जानेवारीतलं चित्रण काढायला सांगितलं. कोणतं अंडं कधी घातलं आणि आई अंड्यांवर कधीपासून बसली, एवढं फक्त लिहून काढायचं होतं.

कृत्तिकाने भराभर चित्रण मागे नेलं. पहिलं अंडं एक तारखेचं. मग तीन, सहा, आठ आणि अकरा. आई मात्र पहिल्या अंड्यापासूनच बसलेली दिसली.

आजोबांनी मग कोंबडीची गोष्ट सांगितली. कोंबडी सगळी अंडी घालून झाल्यावर उबवणीला (अंड्यांना अंगाची ऊब द्यायला) बसते. ऊब मिळेपर्यंत अंड्यातल्या जिवाची वाढ थांबलेली असते, म्हणून तिची पिल्लं साधारण एकाच वेळी बाहेर येतात. घुबडाची आई तेवढं थांबत नाही. तिच्या प्रत्येक अंड्यातली वाढ वेगवेगळ्या दिवशी सुरू होते.

"म्हणजे ते आजारी नाही," कृत्तिका हळूच म्हणाली. "ते दहा दिवसांनी लहान आहे."

पण घुबडं असं का करतात? आजोबा म्हणाले, पुढे उंदीर किती मिळणार हे आईला आधी कळत नाही. भरपूर मिळाले तर पाचही पिल्लं जगतात. कमी पडले तर निदान मोठी तरी तगतात. धाकट्याचं काय, असं तिने विचारलं तेव्हा आजोबांनी खोटं सांगितलं नाही. काही वर्षी धाकटं वाचत नाही. यंदा मात्र शिवारात उंदीर बरेच होते. उद्या संध्याकाळीही ते उपाशी राहिलं, तर खारूला आत पाठवायचं ठरलं.

दुसऱ्या दिवशी कृत्तिका खेळायला गेली नाही. पहिल्या तीन खेपा मोठ्यांनीच फस्त केल्या. चौथा उंदीर थोरल्याने चोचीत धरला, पण गिळला नाही. ते वळलं, डुलत डुलत कोपऱ्यात गेलं आणि उंदीर त्याने धाकट्यापुढे धरला. धाकट्याने तो अख्खा गिळला. बराच वेळ नुसती शेपटी बाहेर लोंबत होती.

कृत्तिकाला हसू आवरेना. फोनवर आजोबाही हसत होते. पोट भरलं की गव्हाणी घुबडाची मोठी पिल्लं कधी कधी आपला घास धाकट्यांना देतात, असं त्यांनी सांगितलं. अभ्यासकांनी हे टिपलेलं आहे. पण इतक्या वर्षांत आजोबांना स्वतःला ते दोनदाच पाहायला मिळालं होतं.

"पण थोरल्याला कसं कळलं, कोणाला जास्त भूक लागलीय ते?"

"भुकेलं पिल्लू जास्त ओरडतं, एवढं आपल्याला ठाऊक आहे. त्या ओरडण्यात आणखी काय काय असतं, ते अजून पुरतं उलगडलेलं नाही."

कृत्तिकाने वहीचं कोरं पान उघडलं, वर तारीख घातली आणि कॅमेऱ्याचा आवाज मोठा केला.