बर्गनची साखर पेठ

लोक म्हणतात, चिंतामणरावांच्या डोक्यावर परिणाम झालाय. म्हणोत बापडे. उभा जन्म मी सिटी सर्व्हेत काढला, सोलापुरातल्या गल्ल्या साखळी टाकून मोजल्या. माझं डोकं ठिकाणावर आहे. तापलेलं आहे, ती गोष्ट वेगळी.

एप्रिलमधला सोमवार होता. जेवून मी आडवा होणार, तोच सुबोधचा फोन आला. सुबोध आमचा एकुलता एक. गड्ड्याची यात्रा संपायचीही वाट न बघता जानेवारीत तो नॉर्वेला गेला, बर्गन नावाच्या गावी, नोकरीसाठी. निरोप सोलापूर स्टेशनवरच घ्या म्हणाला. मुंबईला यायची काही गरज नाही म्हणे. त्याचा राग माझ्या मनात होताच.

"बाबा, आज ईस्टरची सुटी आहे. जुनं गाव पायी बघतोय. गाईड वगैरे नाही, फोनमध्येच एक बाई इंग्रजीत सांगते, इथे वळा, तिथे थांबा. एका कानात ती, एका कानात तुम्ही. चला, तुम्हालाही फिरवतो."

घरबसल्या फिरवायला मी काय लुळापांगळा आहे? पण लीला, म्हणजे माझी बायको, शेजारून खुणावत होती, जरा गोडीनं बोला. म्हणून बोललो.

फोनमध्ये पाऊस ऐकू येत होता. तो लाकडी घरांचं, उतरत्या छपरांचं काहीबाही सांगत होता. शेवटचा थांबा बंदरावर आहे म्हणाला. मग हळूहळू पाऊस थांबला आणि मागे खडखड सुरू झाली. एकसारखी, मध्येच एक ठोका चुकवणारी.

"कसला रे आवाज?"

"काय माहीत. वर्कशॉप असेल एखादं."

सोलापुरात वाढलेल्या पोराला पॉवरलूम ओळखू येत नाही होय? माझे कान तापले, कारण या पोराचा इतिहास आहे. पुण्यात शिकत असताना 'हॉस्टेलवर अभ्यास करतोय' म्हणून त्यानं फोन केला आणि मागे कंडक्टर 'नातेपुते, नातेपुते' ओरडत होता. मित्राच्या मळ्यावर हुरडा खायला निघाला होता. तेव्हापासून तो काय बोलतो हे मी कमी ऐकतो आणि मागे काय वाजतंय ते जास्त.

"पुढे सांग," मी म्हणालो.

"गल्ली अगदी अरुंद आहे, बाबा. एका घराचा दगडी जिना पार रस्त्यात आलाय. खालची पायरी अर्धी तुटलीये. आणि ऊन बघा ना, एकदम कडकडीत पडलंय. जॅकेट काढतो. गळतंय नुसतं. इथे खांबाला अडकवतो."

तो जिना मी मोजलाय. साखर पेठेतला आहे. रस्त्यात आलेला जिना काढा अशी नोटीस गेली तेव्हा मालकानं मला आधी चहा पाजला, मग शिव्या दिल्या, आणि जिना आजही जागच्या जागी आहे. खालची पायरी पाण्याच्या टँकरनं तोडली.

म्हणजे चिरंजीव नॉर्वेला गेलेच नव्हते. कन्ना चौकापासून हाकेच्या अंतरावर कुणा मित्राकडे पडून होते आणि आम्हाला बर्गनचा पाऊस ऐकवत होते. व्हिडिओवर दिसणारी खोली काय, कुठलीही असू शकते. बापाला शेंडी लावायलाही काही मर्यादा असते. फोन कानाला तसाच ठेवून मी चपला घातल्या.

"या उन्हात कुठे निघालात?" लीलानं विचारलं.

"तुझ्या लाडक्याला आणायला."

डांबर चपलेला चिकटत होतं. साखर पेठेतल्या त्या गल्लीत शिरलो आणि खडखड दोन्ही कानांत आली, एका कानात फोनमधून, दुसऱ्यात बाहेरून. ठोकाही दोन्हीकडे एकाच वेळी चुकत होता. मला वाटलं, सापडला.

जिना ओलांडला की गल्ली संपते. एका हाताला पार्वतम्माचं घर, दुसऱ्या हाताला पडलेल्या जुन्या गोदामाची उरलेली एकच भिंत. पार्वतम्मा मांडीवर सूप घेऊन उंबऱ्यात विड्या वळत बसली होती. मोजणीच्या दिवसांपासूनची आमची ओळख.

"माझा मुलगा कुठाय?" मी फोनवर हात ठेवून विचारलं.

"कुटला मुलगा, साहेब? सकाळधरनं हितं कोन आलंच न्हाय की."

हीसुद्धा सामील, असं माझ्या मनात आलं. मग तिच्या दारापुढचा विजेचा खांब दिसला. खांबाच्या बुडाशी ताटाएवढी माती ओली होती आणि वरून थेंब पडून पडून मधोमध खळगा झाला होता. वर पाहिलं. खांबाला काहीच अडकवलेलं नव्हतं.

"पानी कुटनं येतंय काय म्हाईत," पार्वतम्मा म्हणाली. "नळ तर परवा येनार हाय."

फोनमध्ये सुबोध बोलत होता.

"बाबा, इथे एक म्हातारे गृहस्थ उभे आहेत. पाठमोरे. पांढरा शर्ट, कानाला फोन, हातात काठी."

शर्ट माझाच होता. फोनही माझाच. काठी मी जन्मात धरलेली नाही, आणि मला कुणी म्हातारा म्हटलेलं मी खपवून घेत नाही. मी गर्रकन वळलो. मागे गोदामाची भिंत होती. तिला ना खिडकी, ना झरोका.

"वळले ते," सुबोध म्हणाला. त्याचा आवाज खाली आला होता. "माझ्याकडेच बघतायत. पण मी त्यांना दिसत नाहीये, बाबा."

"पुरे झाला चावटपणा."

"चावटपणा कसला? मला इथून निघावंसं वाटतंय. पण ती बाई आता मराठीत बोलायला लागलीये. म्हणते, निळ्या दारातून आत या. जाऊ का?"

लहानपणी पोहायला नेलं की पाण्यात उतरण्याआधी तो असंच विचारायचा. मी नको म्हटलं तर उतरायचा नाही.

कुठल्या तरी गच्चीवरून कार्टं मला बघतंय आणि हसतंय, यापलीकडे मला काही सुचलं नाही.

"जा," मी ओरडलो. "जा आत. मी येतोच."

कडी वाजली. फोनमध्ये.

मग नुसती खडखड.

बर्गनला सुबोधबरोबर राहणारा राजस त्याच दिवशी टूरचा सगळा रस्ता चालून आला. लीलाच्या फोनवर म्हणाला, "काका, त्यात अशी गल्लीच नाही. टूर बंदरावर संपते. आणि मराठी तर त्या बाईला येतच नाही." पासपोर्ट, चष्मा, सगळं तिकडच्या खोलीत आहे. फक्त जॅकेट नाही. तिकडचे पोलीस शोधतो म्हणतात. इथला हवालदार म्हणाला, "काका, पोरगं हरवलं नॉर्वेत आन् तक्रार साखर पेठेची व्हय?" बाकावरचे हसले. हसू देत. भिंत पाडा म्हणून मी अर्ज दिला, तर मलाच नकाशा दाखवतात. तो नकाशा मीच केलाय. भिंतीला लागून पलीकडच्या घराची भिंत आहे, मध्ये मांजरसुद्धा मावणार नाही. ठाऊक आहे मला. म्हणूनच तर पाडा म्हणतो.

फोन मात्र कट झालेला नाही. मोबाइलच्या दुकानदारानं तो उलटासुलटा करून पाहिला आणि गुपचूप परत दिला. रात्री लीला तो चार्जरला लावते आणि उशाशी घेऊन झोपते. शेवटी तुम्ही त्याला काय म्हणालात, एवढंच ती विचारते. तेवढं सोडून मी तिला सगळं सांगितलंय.

दुपारी फोन घेऊन मी भिंतीसमोर जाऊन उभा राहतो. खांबाखालची माती अजून ओलीच आहे, पार्वतम्मा आता आतल्या खोलीत बसून विड्या वळते. उभं राहून राहून गुडघा धरतो, म्हणून गेल्या आठवड्यात लीलानं काठी आणून दिली. मी भांडलो तिच्याशी. शेवटी घेतली.

काल दुपारी वीज गेली. गल्लीतले माग एकदम थांबले.

फोनमधलेही थांबले.

त्या शांततेत बाईचा आवाज आला. स्वच्छ, सावकाश मराठी. "आपल्या सोबतचे गृहस्थ हेच का? मग निघू या."

"मीच," मी भिंतीवर काठी आपटत ओरडलो. "सुबोध, मीच आहे रे."

"नाही," सुबोध तिला म्हणाला. "हे काठीवाले आजोबा रोज येतात. माझे बाबा येतोच म्हणालेत. आपण थांबू."